समाक्ष केबल आणि तिचा सांधा : निवड, जोडणी आणि परिभाषा

१. विषयाचे प्रयोजन

भाषाशास्त्राच्या अभ्यासकांसाठी निघणाऱ्या संशोधन-पत्रिकेत रेडिओ-कंप्रतेच्या केबलींवर लेख का असावा, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर दुहेरी आहे. तंत्रविद्येतील एखादी वस्तू मराठीतून पुरेशा काटेकोरपणे समजावून देता येते की नाही, हा भाषेचाच प्रश्न आहे. आणि काही वस्तूंच्या बाबतीत तो केवळ पांडित्याचा प्रश्न उरत नाही, हे त्याहून महत्त्वाचे आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, ह्या जिल्ह्यांच्या सीमाभागात भूकंप झाला. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची ती रात्र होती. गावे गाढ झोपेत होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीची जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. किल्लारीचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु उद्ध्वस्त झालेल्या गावांत सास्तूरही होते. अशा प्रसंगी दूरध्वनीच्या तारा तुटतात, वीज जाते, आणि संदेशवहनाची भिस्त बिनतारी यंत्रांवर येते. हौशी बिनतारी चालकांनी त्या भूकंपानंतर मदतीचे काम केल्याची नोंद आहे. आज मोबाईलचे मनोरे गावोगावी उभे असले तरी दीर्घकाळ वीज खंडित झाली म्हणजे तेही मूक होतात. म्हणून आपत्तिकालीन बिनतारी केंद्राची गरज संपलेली नाही.

सास्तूरसारख्या गावी असे केंद्र उभारावयाचे ठरले, तर यंत्र आणि आकाशक ह्यांची निवड बहुधा जाणकाराच्या हातून होते. त्या दोहोंना जोडणारी केबल आणि तिच्या टोकांचे कनेक्टर ह्यांकडे मात्र ‘वायर टाकली की झाले’ अशा भावनेने पाहिले जाते. ही भावना ‘वायर’ ह्या शब्दातूनच उपजलेली आहे, आणि ती चुकीची आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. समाक्ष केबल म्हणजे तार नव्हे. तो ठराविक प्रमाणात घडविलेला एक मार्ग आहे, आणि कनेक्टर ही त्या मार्गाला मारलेली गाठ नसून त्याच मार्गाचा एक तुकडा आहे. निवडीचे आणि जोडणीचे बहुतेक नियम ह्या एका विधानातून निघतात.

२. केबलीची रचना आणि संरोध

समाक्ष केबलीत चार थर असतात. मध्यभागी तांब्याचा गाभा. त्याभोवती विद्युत्-निरोधक पदार्थाचा, बहुधा पॉलिएथिलिनचा, जाड थर. त्याभोवती तांब्याची विणलेली जाळी किंवा पत्र्याचे आवरण. आणि सर्वांत बाहेर संरक्षक कवच. गाभा आणि जाळी ह्या दोन्ही वाहकांचा अक्ष एकच असतो, म्हणून ‘समाक्ष’ हे नाव. ह्या रचनेचे एकस्व ऑलिव्हर हेविसाइड ह्याने १८८० साली इंग्लंडमध्ये घेतले. तिचे आधुनिक रूप अमेरिकेतील लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन अफेल ह्यांच्या संशोधनातून आले. त्यांचे एकस्व १९३१ साली मंजूर झाले.

घरातील दिव्याच्या तारेत आपण प्रवाह तांब्यातून जातो असे मानतो, आणि तेवढ्याने काम भागते. रेडिओ-कंप्रतेला हे चित्र अपुरे पडते. येथे ऊर्जा विद्युत्-चुंबकीय तरंगाच्या रूपाने गाभा आणि जाळी ह्यांच्यामधील अवकाशातून, म्हणजे निरोधकातून, प्रवास करते. धातूचे पृष्ठभाग तिला केवळ वळण देतात. १५० मेगॅहर्ट्झ कंप्रतेला प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागाखाली सुमारे ०.००५ मिलिमीटर एवढ्याच खोलीत एकवटलेला असतो. म्हणूनच ॲल्युमिनियमच्या गाभ्यावर तांब्याचा मुलामा दिलेली केबलही चांगले काम देते.

ह्या तरंगाच्या विद्युत्-दाबाचे प्रवाहाशी जे गुणोत्तर असते, त्यास केबलीचा लाक्षणिक संरोध म्हणतात. तो ओहममध्ये मोजतात. पण तो तांब्याचा रोध नव्हे. केबल एक मीटर असो वा शंभर मीटर, तिचा संरोध तोच राहतो. साध्या मापकयंत्राने तो दिसतही नाही. तो दोनच गोष्टींवर अवलंबून असतो : जाळीचा आतील व्यास आणि गाभ्याचा व्यास ह्यांचे गुणोत्तर, आणि निरोधकाचा विद्युत्-स्थिरांक. ह्या व्यास-गुणोत्तराचा दहा आधाराचा लॉगॅरिथम घेऊन त्यास १३८ ने गुणावे, आणि विद्युत्-स्थिरांकाच्या वर्गमुळाने भागावे, म्हणजे संरोध मिळतो. मध्ये केवळ हवा असेल तर ५० ओहमसाठी हे गुणोत्तर सुमारे २.३ लागते, भरीव पॉलिएथिलिन असेल तर सुमारे ३.५.

५० हा आकडा तडजोडीचा आहे. हवेच्या केबलीत ऊर्जेचा ऱ्हास किमान होतो तो ७७ ओहमच्या आसपास, तर अधिकाधिक शक्ती वाहून नेण्याची क्षमता ३० ओहमच्या आसपास असते. प्रेषण आणि ग्रहण ही दोन्ही कामे करणाऱ्या यंत्रांनी म्हणून मधला ५० चा मार्ग स्वीकारला. दूरदर्शनच्या ग्रहणासाठी, जेथे ऱ्हास कमी असणे एवढेच महत्त्वाचे, ७५ ओहमची केबल रूढ झाली.

जेथे हे प्रमाण मोडते तेथे तरंगाचा काही अंश परत फिरतो. ५० ओहमच्या मार्गात ७५ ओहमचा भाग आला तर त्या सीमेवर तरंगाच्या दाबाचा पाचवा हिस्सा, म्हणजे शक्तीचा ४ टक्के भाग, परावर्तित होतो. हा आकडा फार मोठा नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु चिरडलेली केबल, अक्षावरून सरकलेला गाभा, अर्धवट बसलेली खीळ ह्यांमुळे होणारे परावर्तन असे मर्यादित राहीलच, असे नाही.

३. केबलीची निवड

निवडीचा पहिला निकष क्षीणन, म्हणजे केबलीच्या लांबीत होणारा शक्तीचा ऱ्हास. तो डेसिबेलमध्ये सांगतात : ३ डेसिबेल म्हणजे निम्मी शक्ती उरणे, ६ डेसिबेल म्हणजे पाव उरणे, १० डेसिबेल म्हणजे दशांश उरणे. कंप्रता वाढली की क्षीणन वाढते. केबल जाड झाली की ते घटते.

सास्तूरच्या कल्पित केंद्राचे उदाहरण घेऊ. १५० मेगॅहर्ट्झच्या आसपास चालणारा २५ वॅटचा प्रेषक खोलीत आहे, आणि आकाशकापर्यंत ३० मीटर केबल लागते. आरजी-५८ ही सुमारे ५ मिलिमीटर जाडीची केबल स्वस्त आणि लवचीक आहे. पण ह्या कंप्रतेला तिचे क्षीणन शंभर मीटरला सुमारे २० डेसिबेल असते. तीस मीटरमध्ये ६ डेसिबेल जातात, आणि आकाशकापर्यंत जेमतेम ६ वॅट पोहोचतात. उरलेले १९ वॅट केबल तापविण्यात खर्च होतात. आरजी-२१३ ही सुमारे १०.३ मिलिमीटर जाडीची केबल घेतली तर साधारण १४ वॅट पोहोचतात. एलएमआर-४०० ह्या जातीची, जवळजवळ त्याच जाडीची पण फेसाळ निरोधकाची केबल घेतली तर १७ ते १८ वॅट. म्हणजे यंत्र न बदलता, केवळ केबलीच्या निवडीने, पोहोचणारी शक्ती जवळजवळ तिप्पट होते. ग्रहणातही हाच हिशेब लागू पडतो : शेतातून लहान हातयंत्रावर बोलणाऱ्या माणसाचा क्षीण संदेश आकाशकापर्यंत येऊनही खोलीत पोहोचेपर्यंत पाव होऊ शकतो.

ग्रहणातील हे नुकसान किती गंभीर मानावे, ह्याचा वस्तुपाठ महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यात खोडदजवळ गोविंद स्वरूप ह्यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तेथे अल्परव वर्धक खाली खोलीत न ठेवता तबकडीच्या नाभीपाशी, ग्राहकाला लागून बसविलेले आहेत. केबलीत शिरण्यापूर्वीच संदेश बलवान करावा, हे त्यामागील तत्त्व. कारण वर्धकापूर्वी जे गमावले ते नंतर कितीही वर्धन केले तरी परत मिळत नाही. लहान केंद्रात असा वर्धक क्वचितच परवडतो. तेथे चांगली आणि शक्य तितकी आखूड केबल हाच उपाय.

दुसरा निकष निरोधकाचा. फेसाळ निरोधकात हवेचा अंश असल्यामुळे क्षीणन कमी होते आणि तरंगाचा वेग वाढतो : भरीव पॉलिएथिलिनमध्ये तो प्रकाशवेगाच्या सुमारे ६६ टक्के, फेसाळ प्रकारात ८० टक्क्यांच्या वर. परंतु फेसाळ केबल दाबाला नाजूक असते. तिसरा निकष बाह्य कवचाचा. मराठवाड्याच्या उन्हात साधे कवच तडकते; बाहेर टाकावयाच्या केबलीचे कवच सूर्यप्रकाश सहन करणाऱ्या काळ्या पॉलिएथिलिनचे असावे.

४. कनेक्टरची निवड

पीएल-२५९ हा जुना कनेक्टर १९३०च्या दशकातील. तो दणकट आणि स्वस्त आहे. पण त्याचा संरोध निश्चित नाही, आणि त्यात पाणी रोखणारी कडी नाही. १५० मेगॅहर्ट्झला तरंगाची लांबी दोन मीटर असते आणि कनेक्टर काही सेंटिमीटरांचा; त्यामुळे संरोधातील दोष तेथे फारसा जाणवत नाही. मनोऱ्यावर त्याच्याविरुद्ध खरा आक्षेप पाण्याचा आहे.

एन जातीचा कनेक्टर बेल प्रयोगशाळेतील पॉल नील ह्याच्या आडनावाच्या आद्याक्षरावरून ओळखला जातो. त्यात संरोध राखलेला असतो, आटे असतात, आणि जोडाच्या तोंडाशी रबरी कडी असते. उघड्यावरील कामासाठी तो प्रथम पसंतीचा. बीएनसी ह्या नावात नील आणि अँफेनॉल कंपनीतील कार्ल कॉन्सेलमन ह्या दोघांची आद्याक्षरे आहेत. आरंभीचे ‘बी’ अक्षर बंदुकीच्या संगिनीसारख्या, ढकलून पिळण्याच्या जोडाचे द्योतक आहे. वारंवार काढघाल करावयाच्या ठिकाणी, उदाहरणार्थ मोजमापाच्या यंत्रावर किंवा क्षेत्रकार्यातील बिनतारी ध्वनिग्राहकाच्या संचावर, तो सोयीचा. त्याचीच आट्यांची आवृत्ती टीएनसी. एसएमए हा लहान कनेक्टर १९६०च्या दशकातील असून तो अतिशय उच्च कंप्रतांपर्यंत चालतो. पण तो घट्ट करण्याचे बळ मोजके असावे लागते.

भाषेच्या अभ्यासकाला परिचित असलेली एक अडचण येथे भेटते, ती समरूपतेची. एन आणि बीएनसी हे दोन्ही ५० आणि ७५ अशा दोन संरोधांत मिळतात, आणि बाहेरून ते ओळखणे कठीण असते. बीएनसीचे दोन्ही प्रकार एकमेकांत निर्धोक बसतात. एनचे मात्र तसे नाही : ५० ओहमच्या नर कनेक्टरची खीळ जाड असते, ती ७५ ओहमच्या मादीत घातली तर आतील बारीक पाकळ्या कायमच्या फाकतात. त्यानंतर त्या मादीत योग्य नर बसविला तरी संपर्क भरवशाचा राहत नाही. असाच घोटाळा केबलींच्या बाबतीत होतो. आरजी-२१३ आणि एलएमआर-४०० ह्यांची बाह्य जाडी जवळजवळ एकच. पण एकीचा गाभा २.२५ मिलिमीटरचा आणि दुसरीचा २.७४ मिलिमीटरचा. एकीसाठी घडविलेला कनेक्टर दुसरीला चालत नाही. म्हणून कनेक्टर मागताना त्याची जात, संरोध, लिंग आणि केबलीचे नाव ही चारही अंगे सांगितली पाहिजेत.

लिंगाचा प्रश्न तर अधिकच गमतीचा आहे. कनेक्टरचे नरत्व वा मादीत्व मधल्या खिळीवरून ठरते. पण हाताला प्रथम लागतात ते बाहेरचे आटे. एसएमएच्या ‘उलट’ प्रकारात आटे एका लिंगाचे आणि मधला भाग दुसऱ्या लिंगाचा असतो. व्याकरणात शब्दाचे रूप एका लिंगाचे आणि अर्थ दुसऱ्या लिंगाचा असावा, तसे. साधा आणि उलट प्रकार एकत्र आले तर दोन खिळी एकमेकींवर आपटतात, किंवा दोन छिद्रे समोरासमोर येतात. दुसऱ्या प्रसंगी आटे पूर्ण बसतात, हाताला काहीही वावगे वाटत नाही, आणि संपर्क मात्र मुळीच होत नाही.

५. सांधा करण्याची पद्धत

सांधा करताना लक्षात ठेवावयाचे सूत्र एकच : केबलीची भूमिती कनेक्टरमध्येही चालू राहिली पाहिजे.

केबलीचे टोक अक्षाशी काटकोनात कापावे. कवच, जाळी आणि निरोधक कनेक्टरच्या पत्रकात दिलेल्या लांबीनुसारच सोलावेत, अंदाजाने नव्हे. सोलताना गाभ्यावर पात्याचा चरा पडला तर कालांतराने तेथेच तो तुटतो. जाळीचा एखादा केसासारखा धागा गाभ्याला चिकटून राहिला तर दोन वाहक एकमेकांना भिडतात, आणि प्रेषकाची शक्ती आकाशकाकडे न जाता त्या जागी परत फिरते.

खिळीला डाख देताना उष्णता पुरेशी पण अल्पकाळ द्यावी. मंद तापलेली कैची फार वेळ धरून ठेवली तर पॉलिएथिलिन मऊ होते, गाभा अक्षावरून सरकतो, आणि बाहेरून सुबक दिसणाऱ्या सांध्यात समाक्षताच नाहीशी होते. दाबून बसविण्याच्या कनेक्टरसाठी त्या केबलीच्या मापाचाच दाबसाचा वापरावा. साध्या पकडीने चेपलेली कडी गोल राहत नाही आणि ओढ सहन करीत नाही. खिळीचे टोक कनेक्टरच्या तोंडापासून योग्य खोलीवर आहे की नाही, हे जोडण्यापूर्वी पाहावे. ती मागे राहिली तर संपर्क होत नाही. पुढे आली तर समोरची मादी बिघडते.

जोडताना फक्त चाकी फिरवावी. कनेक्टरचे अंग स्थिर धरावे. अंग फिरले की खीळ मादीच्या पाकळ्यांत घासते आणि केबलीला पीळ बसतो.

६. उभारणी

वळणाची त्रिज्या केबलीच्या बाह्य व्यासाच्या दहापटीहून कमी नसावी, हा सुरक्षित नियम, १०.३ मिलिमीटरच्या केबलीसाठी तो सुमारे दहा सेंटिमीटरांचा होतो. केबलीचे वजन कनेक्टरवर लटकू देऊ नये; ठराविक अंतरावर तिला मनोऱ्याशी बांधावे, पण बंध इतके आवळू नयेत की केबल चेपेल. खोलीत शिरण्यापूर्वी केबलीला खाली झुकलेला झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी तळाशी ठिबकून जाते, भिंतीत शिरत नाही.

पाणी हा समाक्ष केबलीचा प्रथम क्रमांकाचा शत्रू आहे. एनची रबरी कडी जोडाचे तोंड राखते. परंतु कनेक्टरच्या पाठीमागून, जेथे केबल आत शिरते तेथून, पाणी येऊ शकते. एकदा आत आलेले पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे जाळीच्या धाग्यांतून दूरवर पसरते. तांबे काळवंडते, आणि क्षीणन वाढत जाते. अशी केबल सुकवून पूर्ववत होत नाही. ती बदलावीच लागते. म्हणून जोडावर प्रथम आपोआप एकजीव होणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी आणि तिच्यावर प्लॅस्टिकची पट्टी द्यावी. शेवटचा थर खालून वर गुंडाळावा, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर येतो. छपरावरील कौले ज्या न्यायाने रचतात, तोच न्याय.

विजेपासून संरक्षण ही अलंकारिक बाब नव्हे. मराठवाड्यात वळिवाच्या आणि परतीच्या पावसात विजा पडण्याचे प्रसंग नेहमीचे आहेत. केबलीचे बाह्य आवरण मनोऱ्याच्या शिरोभागी, पायथ्याशी आणि खोलीच्या प्रवेशापाशी भूमीशी जोडावे; प्रवेशस्थानी ५० ओहमचा तडित-निवारक बसवावा; आणि मनोरा, निवारक व यंत्र ह्या सर्वांची भूमी एकमेकींशी जोडलेली असावी. निरनिराळ्या भूमी न जोडता ठेवल्या तर वीज पडताच त्यांच्यात प्रचंड दाबभेद निर्माण होतो आणि तो यंत्रातून वाट काढतो.

७. तपासणी आणि एक भ्रम

तपासणीची पहिली पायरी साध्या मापकयंत्राची. दोन्ही टोके मोकळी असताना गाभा आणि जाळी ह्यांच्यात संपर्क असू नये. दूरचे टोक जोडून दिले म्हणजे तो असावा. ह्यातून तुटलेला वा भिडलेला सांधा सापडतो, पण संरोधाचा दोष सापडत नाही. त्यासाठी स्थिरतरंग-गुणोत्तर मोजणारे यंत्र वापरतात. परावर्तन मुळीच नसेल तर हे गुणोत्तर १ येते; १.५ पर्यंत ते सामान्यतः चालते.

येथे एका भ्रमापासून सावध राहिले पाहिजे. हे गुणोत्तर बहुधा खालच्या टोकाला, प्रेषकापाशी मोजतात. वरच्या उदाहरणातील आरजी-५८ ची ३० मीटर केबल घ्या, आणि तिच्या वरच्या टोकाचा आकाशक वाऱ्याने पूर्णपणे निखळून पडला आहे अशी कल्पना करा. तरंग वर जाताना ६ डेसिबेल गमावतो, टोकावरून संपूर्ण परततो, आणि खाली येताना पुन्हा ६ डेसिबेल गमावतो. खाली मोजणाऱ्याला परावर्तन फक्त १२ डेसिबेल खालचे दिसते, आणि यंत्र सुमारे १.७ हा आकडा दाखविते. आकाशकच नाही, आणि आकडा मात्र फार वाईट नाही! केबल जितकी निकृष्ट, तितका खालचा आकडा देखणा. पाणी शिरून क्षीणन वाढत जाते तेव्हा हे गुणोत्तर सुधारल्यासारखे दिसते, ही ह्या विषयातील सर्वांत फसवी गोष्ट आहे.

म्हणून वरच्या टोकाला ५० ओहमचा कृत्रिम भार लावून, तेथे पोहोचणारी शक्ती प्रत्यक्ष मोजावी. खालची शक्ती आणि वरची शक्ती ह्यांतील फरक हेच केबलीचे आणि सांध्यांचे खरे क्षीणन. हा आकडा उभारणीच्या दिवशी लिहून ठेवावा आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर त्याच्याशी ताडून पाहावा. जुना आकडा नसेल तर नव्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

८. परिभाषेविषयी

आता शब्दांकडे वळू. ‘समाक्ष’, ‘संरोध’, ‘क्षीणन’, ‘आकाशक’ हे शब्द संस्कृतातून घडविलेले आहेत आणि ते आपले काम नीट करतात; ‘संरोध’ हा ‘रोधा’हून वेगळा ठेवला की वर सांगितलेला मूळ भेद शब्दातच सुरक्षित राहतो. उलट आटे, चाकी, खीळ, डाख, नर, मादी, झोळ हे शब्द कारागिरांच्या मराठीत पूर्वापार आहेत. त्यांच्या जागी नवे शब्द घडविणे म्हणजे काम करणाऱ्या हाताला त्याच्याच भाषेपासून तोडणे होय. ‘केबल’ आणि ‘कनेक्टर’ हे शब्द परके असले तरी रूढ आहेत, आणि येथे ते उपकारकही ठरतात : ‘केबल’ हा शब्द ‘तार’ ह्या शब्दाबरोबर येणारी चुकीची कल्पना सोबत आणीत नाही. पिळून जोडली की पुरते ती तार. प्रमाण राखून सांधावी लागते ती केबल.

मनोऱ्यावर चढणारा माणूस बहुधा गावातलाच असतो, आणि त्याला मिळणारी सूचनापत्रे बहुधा इंग्रजीत असतात. ‘शेवटचा थर खालून वर गुंडाळ’ ही सूचना त्याला त्याच्या भाषेत आणि कारणासह मिळाली, तर तो ती पाळील. कारण कौले त्याने पाहिलेली आहेत. केंद्राची परीक्षा वर्षानुवर्षे होत नाही. ती होते तेव्हा पहाटेची वेळ असू शकते, वीज गेलेली असते, आणि सांधा उघडून पाहण्यास सवड नसते. तो सांधा कसा केला गेला, हे त्यापूर्वी कधीतरी, कोणीतरी, कोणत्यातरी भाषेत सांगितलेल्या शब्दांवर ठरून गेलेले असते.